'लिनक्स स्पेशल' म्हणून १८,५०० ला गंडवलं, जुना लॅपटॉप पार्सलनं मागवणाऱ्यांनी वाचाच

लिहू का नको असं चालू होतं बरेच दिवस. गावात कोणाचं कॉम्प्युटरचं काही अडलं की माझ्याकडेच येतात आणि मलाच असं गंडवलं हे सांगायची लाज वाटते, खरं सांगतो. पण नागपूरच्या त्या लॅपटॉप विकणाऱ्याच्या जाहिराती अजून चालू आहेत म्हणून लिहितोय.

मी दारव्हा तालुक्यातला. भाचा अमरावतीला बीसीएला लागला, त्याला लॅपटॉप पाहिजे होता. नवीन घ्यायची ऐपत यंदा नव्हती, सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता आणि व्यापाऱ्यानं घेतलं ४,१०० नं, म्हणजे साडेचार क्विंटल सोयाबीन या एका लॅपटॉपमध्ये गेलं असं धरा. उबंटू (विंडोजऐवजी चालते त्या फुकटच्या लिनक्सचा एक प्रकार) मी २०१२ पासून वापरतो, त्यामुळं म्हटलं जुना घेऊ आणि लिनक्स टाकू.

आता हा धंदा कसा चालतो तुम्हाला माहीतच आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा (पिढीचा) प्रोसेसर लागतो, त्यामुळं ऑफिसातून निघालेला सहावी-सातवीचा माल ढिगानं बाजारात आला आणि तोच 'लिनक्स स्पेशल' म्हणून खपवतात. त्याला माझी हरकत नाही, सहाव्या जनरेशनवर मिंट (हाही लिनक्सचाच प्रकार) एकदम चांगलं चालतं, पण मग सहावीच्या भावात द्या ना, आठवी सांगून काऊन देता?

मला सांगितलं होतं आय५-८३५०यू (आठवी जनरेशन), १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आणि इंटेलचं वायफाय. नागपूरहून व्हिडिओ कॉलवर लॅपटॉप चालू करून दाखवला, टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) निओफेच (मशीनची माहिती छापणारा प्रोग्राम) लावलेलं, त्यात सगळं बरोबर लिहिलेलं. मी म्हटलं, भाऊ एलएससीपीयू (प्रोसेसरची खरी माहिती दाखवणारी कमांड) टाकून दाखवा. तर म्हणे, "थांबा भाऊ, नेट स्लो हाय इकडं, लोड नाही होऊन राह्यलं." आणि कॉल कट.

एलएससीपीयूला नेट कशाला लागते? ती कमांड मशीनच्या आतलंच वाचून दाखवते, वायर-वायफाय सगळं काढून टाका तरी चालते. रात्री झोपताना तेच वाक्य डोक्यात फिरते. पण आमच्याकडे लाइट गेली की टॉवर जाते, टॉवर गेलं की कॉल जाते, इथं रोज कोणी ना कोणी 'नेट स्लो हाय' म्हणतेच, त्यामुळं त्या वाक्यात मला काही वावगं वाटलंच नाही, इथं राहणाऱ्या कोणालाच वाटलं नसतं. आणि निओफेचमध्ये कॉन्फिग फाइल बदलून प्रोसेसरच्या जागी पाहिजे ते नाव छापता येते, त्यानं तेच केलं होतं. निओफेचचा स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नाही, हे लक्षात ठेवा.

३,००० यूपीआयनं अॅडव्हान्स, १५,५०० पार्सल टाकायच्या आधी, आणि ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून आलं त्याचे २५० वेगळे. बिल मागितलं तर "बिल पाहिजे तर जीएसटी लागन" म्हणाला.

भाच्याचा फोन आला, "मामा, याच्यात वायफायच दिसत नाही." मी जाऊन पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवलं. आय५-६३००यू (सहावी जनरेशन) निघाला, दोन कोर चार थ्रेड, सांगितलेल्याचे चार कोर आठ थ्रेड असतात. डीएमआयडीकोड कमांडमध्ये रॅमची ८ जीबीची एकच पट्टी. एसएसडी साटाची, म्हणजे एनव्हीएमईपेक्षा हळू, आणि स्मार्टसीटीएल कमांडमध्ये पॉवर ऑन अवर्स (आजवर चालू राहिल्याचे तास) २१,००० च्या वर. वायफाय कार्ड बदललेलं, एलएसपीसीआय कमांडला 'एनएनके' लावून पाहिलं तर 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नाही, म्हणजे कार्डाला ड्रायव्हरच लागलेला नाही. वरून बायोसला (मशीनच्या मुळातल्या सेटिंगला) पासवर्ड, म्हणजे तिथल्या सिक्युअर बूटसारख्या सेटिंगला हातही लावता येईना. पोरगा कॉलेजात बिनानेटचा बसणार म्हणून ६९९ चं यूएसबी वायफाय घेऊन दिलं. एकूण १९,४४९.

विकणाऱ्यानं आधी "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम हाय, लिनक्सले असंच असते" सांगितलं, मग ब्लॉक केलं. या वाक्याचा तर फारच राग आहे. इंटेलचं वायफाय कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हरवर बहुतेक वेळा लावताक्षणी चालते, इंटेल-एएमडीचं ग्राफिक्सही तसंच. त्रास देतात ती ब्रॉडकॉमची काही कार्डं, त्यांना वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो आणि तो उतरवायलाच नेट नसते, आणि एनव्हिडियाची जुनी कार्डं, ज्यांचा ड्रायव्हर नवीन कर्नलवर अडकतो. हे विकणाऱ्याला माहीत असते, म्हणूनच तर तो कार्डाचं नाव सांगत नाही.

आता पोलीस. ठाण्यात गेलो तर, "वस्तू तर भेटली ना तुम्हाले? मंग फसवणूक कशी?" आठवी-सहावी समजावली तर "आम्हाले काय समजते त्यातलं, दिवाणी बाब हाय, कोर्टात जा." मग म्हणे दुकान नागपूरचं, तिकडच्या ठाण्यात जा. अहो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ काय सांगते? गुन्हा कुठंही घडला तरी दखलपात्र असेल तर कोणत्याही ठाण्यात माहिती द्यायचा अधिकार आहे, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. हे मी शेतकऱ्यानं हवालदाराला सांगायचं? साधा अर्ज घेऊन पोच द्यायला तयार नाहीत. बँकेत गेलो तर "पिन तुम्हीच टाकला". पिन मीच टाकला हे मलाही माहीत आहे, खोटं सांगून टाकायला लावला हेच तर सांगायला आलो होतो! ज्याच्याकडे जावं तो दुसऱ्याचं दार दाखवते आणि तिकडं तो मजेत पुढचं पार्सल भरते.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. वकील लागतोच असं नाही. पैसे गेल्याबरोबर १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन लावा, ठाण्याची वाट पाहू नका.

आणि जुना लॅपटॉप घ्यायचाच असेल तर आपला पेनड्राइव्ह घेऊन स्वतः जा, लाइव्ह चालवा, वायफाय लावा, आवाज ऐका, झाकण बंद करून उघडा, बायोसमध्ये शिरून पाहा. पेनड्राइव्ह लावू देत नसेल तर तिथून उठा. यूएसबी वायफाय घ्यायचं तर मीडियाटेक एमटी७६१२यू चिपचं पाहा, ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे.

ट्रॅव्हल्सची पावती, यूपीआयचा स्क्रीनशॉट, त्याची चॅट, काहीच डिलीट करू नका. माझ्याजवळ तेवढंच आहे, आयोगात तेच लावलंय. नागपूरहून असंच पार्सल कोणाकडे आलं असेल तर तुम्हीपण तक्रार टाका, एकट्याच्या कागदाला कोणी विचारत नाही.