होम चार्जर आणि पेडण्यातलं संध्याकाळचं व्होल्टेज

इलेक्ट्रिक गाडीसाठी ७.२ किलोवॅटचा चार्जर पावसाळ्याआधी घरी बसवला होता. सुरुवातीला तक्रारीला जागाच नव्हती. चवथीला (गणेशचतुर्थीला) गावातली बंद घरं उघडली आणि सातनंतर चार्जिंग तुटायला लागलं. लाल दिवा, अ‍ॅपवर 'लो व्होल्टेज', थोड्या वेळाने आपोआप सुरू, परत बंद. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: रीस्टार्ट करा.

आमचं घर ट्रान्सफॉर्मरपासून लाइनीच्या पार टोकाला. त्यामुळे जो तो म्हणाला, पुढूनच करंट कमी येतो, तुम्ही काय करणार? अर्धं खरं होतं. गाडी न लावता मोजलं तर चार्जरपाशी २१८ व्होल्ट, म्हणजे काहीच बिघडलेलं नाही. खरी गंमत गाडी ३० अँपिअर ओढत असताना मोजल्यावर कळते. मीटरपाशी २०१, चार्जरपाशी १८६. माझ्या चार्जरची खालची मर्यादा १८५! शेजाऱ्याचा पंप सुरू झाला की खेळ खलास.

म्हणजे १५ व्होल्ट घरातच जात होते. मागच्या बाजूच्या मीटरपासून पुढच्या शेडपर्यंत जवळपास ४० मीटर ४ स्क्वेअर एमएमची केबल, तिच्यातच १२ व्होल्ट जातात. उरलेले तीन कुठे, ते आयसोलेटर (चार्जरची लाइन तोडायचा स्विच) उघडल्यावर दिसलं. न्यूट्रलचा (परतीच्या तारेचा) स्क्रू ढिला, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी, तांब्यावर हिरवट थर. समुद्राची हवा आहे, व्हायचंच. पण ३० अँपिअरला तीन व्होल्ट म्हणजे ९० वॅट, जुन्या साठच्या बल्बहून जास्त उष्णता एका स्क्रूवर. चार्जिंग तुटत होतं हे बरंच म्हणायचं. (मेन बंद करून हे काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियननेच करावं.)

१० स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल टाकली, टोकांना लग्ज (धातूच्या टोप्या) दाबून क्रिंप केले. आता घरातली घट पाचाच्या आत. खर्च टोचला, पण ट्रिपिंग थांबलं.

दुकानदार स्टॅबिलायझर गळ्यात मारत होता. घेऊ नका. व्होल्टेज वर चढवायला तो लाइनीतून जास्त अँपिअर ओढतो, मग लाइन आणखी बसते. त्यापेक्षा अ‍ॅपमध्ये करंट १६ अँपिअरवर आणा. घट निम्मी होते आणि साधारण ३.३ किलोवॅट मिळतात. रात्रभरात नऊ तासांत तीसेक युनिट, पणजीला रोज जाऊन येणाऱ्याला पुरून उरतात. मी रात्री अकराचं शेड्युल लावलंय, तेव्हा शेजारपाजारचे पंप, गिझर बंद झालेले असतात.

बाहेरची १७ व्होल्टची घट मात्र अजून तशीच. लोडवर मीटरपाशीच आकडा कोसळत असेल तर घरातली केबल बदलून काही होणार नाही, लाइनमनला बोलवा. आणि दिवे मधेच प्रखर, मधेच मंद होत असतील तर चार्जिंग लगेच थांबवा. तो न्यूट्रल सुटल्याचा प्रकार असू शकतो, घरातली बाकी उपकरणंही जातील.

चार्जरला पाचपैकी चार. एक गुण कापला तो व्होल्टेजचा आकडा तीन मेन्यूंच्या आत लपवल्याबद्दल. गावात राहत असाल तर आकडा समोर दाखवणारा आणि अँपिअर कमी करता येणाराच चार्जर घ्या.