चौघांचा बेसबॉल: चामडी चेंडू की विफल बॉल?

अमेरिकेत उन्हाळी सुट्टीत गल्लीतले नऊ-नऊ भिडू क्वचितच जमतात. चार-सहा दोस्त असले की आधी चेंडू ठरवावा लागतो: बेसबॉलचा नेहमीचा चामडी, की प्लॅस्टिकचा विफल (Wiffle) बॉल.

चामडी चेंडू साधारण 145 ग्रॅमचा, टणक. प्रत्येकाला ग्लोव्ह, बॅटरला हेल्मेट आणि मोकळं मैदान हवंच. तिघे-तिघे असाल तर उजवं मैदान (बॅटरच्या उजव्या हाताचा भाग) बंद ठेवा. तिकडे मारला की बाद. रात्रभर ओल्या गवतात राहिलेला चेंडू पाणी पितो, जड होतो, शिवण उसवते.

विफल बॉल 1953 मध्ये कनेक्टिकटच्या डेव्हिड मुलानी यांनी आपल्या मुलासाठी बनवला. पोकळ प्लॅस्टिक, एका अर्ध्या भागावर आठ लांबट भोकं. भोकं डावीकडे धरून टाकला की चेंडू डावीकडे वळतो. मनगट पिळावं लागत नाही, म्हणून लहानग्यांचे हात दुखत नाहीत. धावायचं नसतं. चेंडू कुठे पडला, यावर सिंगल (एक बेस पुढे) की डबल (दोन बेस पुढे) ते ठरतं. दोघांतही डाव रंगतो, खिडक्या शाबूत राहतात. वारा सुटला मात्र नेम उरत नाही.

टोळीत कुणाचा सहा वर्षांचा भाऊ असेल तर विफलच घ्या, त्याला कडेला बसवू नका. सगळे दहाच्या पुढचे असतील तर चामडी. खरा झेल त्यावरच शिकता येतो.