ऑपरेशननंतरची धडधड आणि चक्कर: घरात ऑक्सिमीटर की बीपी मशीन?

गेल्या वर्षी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. चौथ्या दिवशी सकाळी कासारवडवलीच्या घरी पलंगावरून उठलो, बाथरूमपर्यंत पोहोचेतो डोळ्यांपुढे अंधारी आली आणि छातीत धडधड सुरू झाली. दाराची चौकट धरून उभा राहिलो. बायकोने खुर्ची सरकवली आणि कपाटातून ऑक्सिमीटर काढला. कोविडपासून तो घरात आहेच. ठाण्यात कोणाकडे नाही?

"अठ्ठ्याण्णव आहे! काही नाही झालेलं तुम्हाला."

माझी सगळी कुरकुर या अठ्ठ्याण्णवशी आहे. २०२१ मध्ये आपण त्या आकड्याकडे जीव मुठीत धरून बघायला शिकलो, ती सवय अजून सुटत नाही. नाडीचे ११८ खाली लुकलुकत होते, पण त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारच्या काकू आल्या, त्यांचाही पहिला प्रश्न ऑक्सिजनचा. मेव्हण्याने फोनवर तेच विचारलं. अठ्ठ्याण्णव ऐकलं की जो तो निर्धास्त, आणि मी दोन दिवस भिंती धरत फिरतोय.

यंत्राचा दोष नाही म्हणा. रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे, त्यातल्या किती टक्क्यांवर ऑक्सिजन आहे, एवढंच ते सांगतं. मुळात हिमोग्लोबिन उरलंय किती, हे त्याला कळत नाही. आतून रक्त गेलं, हिमोग्लोबिन ७ पर्यंत उतरलं, तरी ऑक्सिमीटरवर ९८ दिसू शकतं. पाणी कमी पडलं, वेदनेच्या गोळीने गरगरलं, उभं राहिल्यावर बीपी उतरलं, तरीही ९८च.

चक्कर सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "उठल्यावर बीपी किती?" घरात मशीन नव्हतं. भाच्याने नौपाड्यातून दंडाचं डिजिटल मशीन आणून दिलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पाच मिनिटं आडवं पडून मोजलं, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. बायको शेजारी उभी, मागे खुर्ची. झोपून १२२/७६, नाडी ८२. उभं राहून ९६/६२, नाडी ११४. तीन मिनिटांच्या आत वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर ते खरंखुरं उतरणं मानतात. माझं वरचंच २६ ने उतरलं होतं.

मग उलगडा झाला. बीपीच्या माझ्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं. ती नेमाने चालू, आणि खाणं म्हणजे पेज नाहीतर मुगाच्या डाळीचं पाणी. वर, लघवीला उठताना टाके ओढतात म्हणून पाणीसुद्धा बेताने पीत होतो. डॉक्टरांनी गोळी बदलली, पाणी वाढवायला लावलं आणि रक्त कमी नाही ना म्हणून सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजणारी तपासणीही करून घेतली. त्यांनी बजावलं, गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका. मेटोप्रोलॉलसारखी नाडी संथ ठेवणारी एखादी बीपीची गोळी एकदम सोडली तर नाडी उलट उधळते.

दोनचार दिवस भाच्याचं स्मार्टवॉचही बांधलं होतं. नाडीचा आलेख सुरेख काढतं, काही घड्याळं ईसीजीची एक पट्टीसुद्धा देतात. ठोके अनियमित पडण्याची शंका असेल तर डॉक्टरांना दाखवायला ती उपयोगी. पण रात्री दोन वाजता नाडी बघायची सोय झाली की झोप उडते, आणि झोप उडाली की नाडी वाढते. परत करून टाकलं.

ऑक्सिमीटर फेकून द्या असं मी म्हणणार नाही. ऑपरेशननंतर फुप्फुसात गुठळी अडकली किंवा न्यूमोनिया झाला, तर आकडा तिथे घसरलेला दिसू शकतो. मात्र दम लागतोय, छातीत दुखतंय, एक पोटरी सुजलीय, शुद्ध हरपली, शौच काळी होतेय किंवा ताप चढत चाललाय, तर यंत्रांशी खेळत बसू नका. १०८ लावा, नाहीतर सरळ हॉस्पिटल गाठा. घोडबंदर रोडला संध्याकाळी अर्धा तास असाही जातोच, त्यात मोजामोजीची भर कशाला?

बीपी मशीनचेही नखरे आहेत. ठोके अनियमित असतील तर आकडा भलताच येतो किंवा नुसता एररच. सलाईनची सुई ज्या हाताला होती तो दुखरा असेल तर पट्टा फुगताना ब्रह्मांड आठवतं. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर डॉक्टर सहसा दुसऱ्या हातावर मोजायला सांगतात, तेवढं विचारून घ्या. पण माझ्या मशीनमध्ये मागचे आकडे वेळेसकट साठतात. डॉक्टरांनी "काल रात्री किती होतं?" म्हटलं की बटण दाबून वाचायचं. माझ्या ऑक्सिमीटरमधून बोट काढलं की सगळं पुसलं जातं. शिवाय घरातली माणसं आता निदान दोन आकडे विचारतात, झोपून किती आणि उभं राहून किती.

एकच घ्यायचं असेल तर मी दंडाचं बीपी मशीन घेईन. मनगटाचं नको, हात हृदयाच्या पातळीला नसला की ते काहीही दाखवतं. दुकानात पट्टा दंडाला गुंडाळून बघा. आखूड पडला तर बीपी आहे त्याहून जास्त दिसेल, आणि माझ्यासारखं उतरलेलं असेल तर नेमकं तेच झाकलं जाईल.