प्रेग्नन्सी डायबेटीस क्लिनिक: वेटिंग आहे पण नक्की जा

शुगर निघाल्यावर इथे यायला लागले. डॉक्टर मॅडम घाई न करता समजावतात, शुगर उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवल्यावर २ तासांनी १२० च्या खाली, मीटरचं रीडिंग स्वतः बघतात. मी विचारलं मुलगा-मुलगीने फरक पडतो का, तर म्हणाल्या मुलग्यांमध्ये जन्मल्यावर शुगर उतरणं, श्वासाचा त्रास थोडा जास्त दिसतो, त्यांची फुफ्फुसं जरा उशिरा तयार होतात ना, पण म्हणून मुलगी असली की निर्धास्त असं अजिबात नाही, आईची शुगर आटोक्यात ठेवणं दोघांसाठी सारखंच आणि जन्मल्यावर बाळाची शुगर तपासतातच. इतकं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं, खूप धीर आला! वेटिंग मात्र फार, डाएटवालीला वेळ कमी.