ओ-1 की सीपीएम-154? हाताने घडवलेला स्लिपजॉइंट मागवण्याआधी

हाताने घडवलेला स्लिपजॉइंट, म्हणजे लॉक नसलेला, स्प्रिंगच्या दाबावर उघडा-बंद राहणारा घडीचा चाकू, मागवायचा ठरला की पॅटर्न, बोल्स्टर (मुठीच्या टोकाची धातूची पट्टी), मुठीला शिंग की हाड की मायकार्टा (कापड आणि राळेचं टणक साहित्य), यावर महिनाभर खल होतो. स्टीलचा विषय मात्र 'तुम्हाला योग्य वाटेल ते' एवढ्यावर उरकला जातो. खरं तर पुढची वीस वर्षं निगा राखायची असते ती स्टीलचीच. पर्याय ढोबळ मानाने दोन. एकीकडे ओ-1 किंवा 1095 सारखं कार्बन स्टील, दुसरीकडे स्टेनलेस सीपीएम-154 आणि त्याचे जुने भाऊबंद, 154सीएम आणि एटीएस-34.

धार लावण्याची मजा म्हणाल तर ओ-1 च. चांगलं टेंपर केलेलं (कडक केल्यावर पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवलेलं) पातळ पातं साध्या अर्कान्सा दगडावर (धार लावायच्या नैसर्गिक दगडावर) थोडे हात फिरवले की हातावरचे केस काढतं. सीपीएम-154 मध्ये 14 टक्के क्रोमियम आणि 4 टक्के मॉलिब्डेनम. त्याचे कार्बाइड (स्टीलमधले अतिकठीण कण) त्या दगडाला दाद देत नाहीत, पातं नुसतं घसरतंय असं वाटतं. सिरॅमिक किंवा डायमंड प्लेट घेतली की प्रश्न मिटतो, आणि एकदा लागलेली धार जास्त दिवस राहते. तरीही दगडावरचा तो गुळगुळीत, लोण्यासारखा स्पर्श ओ-1 चाच, हे मान्य करायला हवं.

डागांचा बाऊ करू नये. कैरी किंवा लिंबू कापलं की ओ-1 निळसर करडं पडतं, कच्चा फणस चिरला तर काळं. घरात विळी असणाऱ्यांना हे सांगायला नको. ती छटा बऱ्याच संग्राहकांना आवडते, मलाही आवडते.

मला खटकतं ते सांध्याच्या आत. स्प्रिंगचं टोक पात्याच्या टँगवर (मुठीत राहणाऱ्या मागच्या भागावर) दाबून बसतं, आणि ती जागा ना डोळ्याला दिसत ना फडक्याला सापडत. उघडा, अर्धा, बंद या तिन्ही स्थितींत स्प्रिंग लायनरच्या (मुठीच्या आतल्या धातूच्या पट्टीच्या) पातळीत यावी म्हणून कारागिराने टँगच्या तीन कडा घासून घासून जुळवलेल्या असतात. आपण पैसे मोजतो ते मुख्यतः याचेच. गंज पहिला हात घालतो तोही नेमका तिथेच. कारखान्यातल्या स्क्रूवाल्या चाकूसारखा हा उघडून साफ करता येत नाही. पातं ज्यावर फिरतं ती पिन बोल्स्टरमध्ये ठोकून घासून दिसेनाशी केलेली असते, ती ड्रिल मारूनच काढावी लागते. म्हणजे चाकू परत कारागिराकडे, अमेरिकेला किंवा इंग्लंडमधल्या शेफील्डला, आणि जाता-येता कस्टमचा व्याप वेगळा.

मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा ठिकाणी जून ते सप्टेंबर ही भीती खरी असते. शिवाय संग्रहातला चाकू पडून असतो. रोज उघडझाप होणाऱ्या चाकूत तेल फिरत राहतं, ओलावा टिकत नाही. कपाटातल्याला ती सोय नाही. लक्षण ओळखणं सोपं आहे. बंद होतानाचा खणखणीत 'टक' बोदा होतो, मधे किरकिर जाणवते. थेंबभर तेल सोडून काही वेळा उघडझाप करा. पाठीच्या रेषेतून काळपट तेल आलं तर ती पॉलिशची पूड आणि धातूची झीज, घाबरू नका. तांबूस आलं तर आत गंज धरलाय.

इथे एक फसगत नेहमी होते. पातं स्टेनलेस मागितलं जातं आणि स्प्रिंगबद्दल कोणी विचारतच नाही. ओ-1 किंवा 1095 ची स्प्रिंग कारागिराला सोयीची असते, कारण टेंपर करायला सोपी. सीपीएम-154 ची स्प्रिंग 500 अंश सेल्सियसच्या वर टेंपर करून पात्यापेक्षा बरीच मऊ ठेवावी लागते. पण स्टेनलेस पात्यामागे कार्बनची स्प्रिंग असेल तर जास्तीचे पैसे मोजून तीच डोकेदुखी घरात आणली.

जुन्या पॅटर्नला स्टेनलेस शोभत नाही, असा आक्षेप येतो. चवीचा भाग आहे, वाद नको. पण जुन्या पॅटर्नना हाताने घडवलेल्या चाकूंत नवा जन्म देणाऱ्यांत ज्यांचं नाव आधी घेतात ते इंडियानाचे टोनी बोस एटीएस-34 आणि सीपीएम-154 वापरत.

कोरड्या हवेत राहत असाल, दोन-तीनच चाकू असतील आणि ते खिशात फिरत असतील, तर ओ-1 खुशाल घ्या. मग पथ्य एवढंच: पातं अर्ध्यावर ठेवून टँगच्या दोन्ही बाजूंना सुईच्या टोकाने एकेक थेंब मिनरल ऑइल. खाण्याचं काही कापणार असाल तर फूड ग्रेडचं. खोबरेल नको, थंडीत थिजतं आणि कालांतराने चिकट होऊन बसतं. कातड्याच्या म्यानात घालून ठेवू नका, कातडं ओलावा धरून ठेवतं. सेल्युलॉइडच्या (एका जुन्या प्लॅस्टिकच्या) मुठीचा जुना चाकू त्याच डब्यात असेल तर आधी तो वेगळा काढा. सेल्युलॉइड कुजू लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारचं कार्बन स्टील पहिलं बळी पडतं.

बाकीच्यांनी ऑर्डरमध्ये 'पातं आणि स्प्रिंग दोन्ही सीपीएम-154' असं स्पष्ट लिहावं. हे स्टील बनवणारी क्रूसिबल कंपनी 2024 च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली, त्यामुळे हातात साठा आहे का हेही विचारून घ्यावं. युरोपातला कारागीर त्याऐवजी स्वीडनच्या डॅमास्टील कंपनीचं आरडब्ल्यूएल-34 सुचवेल. रसायन जवळपास तेच आहे, बेलाशक हो म्हणावं.