खालचा ओठ अर्धा गेला असेल तर: ॲबे की करापांडझिक?

मोटारसायकलवरून तोंडावर आपटणं, बैलाचं शिंग, कुत्र्याचा चावा. ओठ एक तृतीयांशापर्यंत गेला असेल तर सरळ शिवावा, त्यात वाद नाही. पेच पडतो तो खालच्या ओठाचा मधला साडेतीन-चार सेंटिमीटर भाग आरपार गेल्यावर. तेव्हा ओठ पुन्हा बांधायच्या दोन शस्त्रक्रिया समोर असतात, ॲबे आणि करापांडझिक.

ॲबे ही १८९८ची पद्धत. वरच्या ओठातून खाचेच्या निम्म्या रुंदीचा, पण तेवढ्याच उंचीचा तुकडा फिरवून खाली बसवायचा. तोंडाचे कोपरे जसेच्या तसे राहतात आणि चेहरा देखणा दिसतो, हे मान्यच. खोडा आहे तो पुलाचा, म्हणजे तुकडा वरच्या ओठाला जोडून ठेवणाऱ्या मांसाच्या पट्टीचा. धमनी वाहून नेणारा तो अरुंद पूल दोन ते तीन आठवडे दोन्ही ओठ बांधून ठेवतो. तोवर कडेच्या फटीतून पेज, ताक, पातळ वरण एवढंच; भाकरी बंद. जबडाही मोडलेला असेल आणि उलटी झाली, तर तोंड साफ करायलाही पूल आडवा. शिवाय पूल कापायला रुग्ण परत यायलाच हवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडची ऊसतोड कुटुंबं कारखान्यांकडे निघाली, की एकविसाव्या दिवसाची तारीख पाळणं त्यांच्या हातात राहत नाही. बसवलेला तुकडा कित्येक महिने बधिर असतो, चहा ओघळतो, तो त्रास वेगळाच.

करापांडझिक (१९७४) एका बैठकीत उरकते. इथे दोन्ही बाजूंचा उरलेला ओठ सरकवून मधे जोडायचा. चीर हनुवटीच्या वरच्या घडीतून, पुढे दोन्ही बाजूंनी नाकाकडच्या घडीपर्यंत. कातडी कापली की सुरी खाली ठेवावी आणि बोथट कात्रीने स्नायूचे धागे फाकवत नसा-धमन्या सोडवाव्यात. आतलं अस्तर खाचेजवळ एक-दोन सेंटिमीटरच कापावं. घाईत स्नायू आरपार कापला, तर ओठ जगतो पण लुळा पडतो. मग ही पद्धत निवडून उपयोग काय?

तोंड लहान होतं, कोपरे गोल होतात, ही तक्रार खरी आहे. पण बाहेरून नवं मांस ॲबेमध्येही येत नाही. एकूण घेर दोन्हींत जवळपास तेवढाच घटतो. करापांडझिकचं तोंड व्यायामाने बरंच सैल होतं, असा अनुभव आहे. नाहीच झालं तर सहा महिन्यांनी कोपरा रुंद करता येतो. कवळी वापरणाऱ्याच्या बाबतीत मात्र दोनदा विचार करावा. वरच्या ओठाचा मधला भाग गेला असेल तर ॲबेच बरी.

काहीही निवडा, ओठाच्या लाल कडेची रेषा भुलीचं इंजेक्शन देण्याआधी निळ्या शाईने आखा. इंजेक्शनातल्या ॲड्रेनॅलिनने कातडी पांढरी पडली की ती रेषा सापडत नाही, आणि एका मिलिमीटरची चूकही समोरच्याला दिसते.