जॉन्सनची डिक्शनरी की ऑक्सफर्डची?
वाचायला मजा येते ती सॅम्युअल जॉन्सन या इंग्रज लेखकाने केलेली इंग्रजी डिक्शनरीच, हे आधीच सांगून टाकतो. १७५५ ला आली, ४२ हजारांच्या वर शब्द, मदतीला फक्त सहा लेखनिक आणि त्यातले पाच स्कॉटिश. आणि पठ्ठ्याने ओट्सचा अर्थ काय दिलाय, तर इंग्लंडमधे घोड्यांना घालतात ते धान्य, पण स्कॉटलंडमधे माणसं त्यावर जगतात! लिहून घेणाऱ्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीमधे (ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी) असले टोमणे नाहीत, शब्द कधीपासून सापडतो, अर्थ कसा बदलत गेला ते सगळं सालासकट. लोक पुस्तकं वाचून चिठ्ठ्यांवर वाक्यं उतरवून पोस्टाने पाठवायचे आणि संपादक मरे घराच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमधे बसून त्या लावायचे. दहा वर्षांत उरकेल असा अंदाज होता, पण १८८४ ला पहिला भाग निघाला तो ए पासून अँटपर्यंतच, आणि काम संपलं १९२८ ला, मरे तर १९१५ लाच गेले. एवढं करून बाँडमेड (म्हणजे गुलाम मुलगी) हा शब्द राहूनच गेला, चिठ्ठ्या हरवल्या म्हणे.

तरी शब्दाचं वय काढायचं असेल तर ऑक्सफर्डच बघा, जॉन्सन उदाहरणं भरपूर देतो पण साल देत नाही.